भातासाठी आभार

चिबाडुयुत या बुटांच्या वस्तीत तेह निनिंगचं घर शोधायला पत्त्याची गरज नाही. बुटांच्या दुकानांची रांग संपली की डावीकडच्या बोळात वळायचं आणि कान द्यायचा. सात-आठ घरांतून शिलाई मशीनचा आवाज येत असतो. त्यातला जो आवाज सरळ चालता चालता मध्येच किंचित रेंगाळतो आणि पुन्हा वेग धरतो, ते घर तिचं. बुटाचं वरचं कातडं शिवताना चवड्याशी वळण येतं, तिथे ती पाय हलका करते. बोळातल्या बाकीच्या बायकांनी विजेवरची मशीनं घेतली, हिने नाही घेतली. "विजेला माझा पाय कळत नाही," म्हणते. त्रेपन्न वर्षांची आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, विदा नावाची एक मुलगी आहे, गुडघे कुरकुरतात. बोलते कमी, त्यामुळे लोक तिला जरा टरकून असतात. मीही असतो.

ही बाई एकेकाळी एका पंक बँडची ड्रमर होती, हे परवापरवापर्यंत आमच्या चौघांशिवाय जवळपास कुणालाच माहीत नव्हतं. ते कुणाला कळू नये याची तजवीज मी केली होती. म्हणून तिची गोष्ट सांगायचं कामही माझ्यावरच येतं.

माझं नाव एंकोस. रस्त्याकडेच्या माशांच्या टपऱ्यांना जे कापडी पडदे असतात ना, मासा, कोंबडा आणि खाली मालकाचं नाव, ते मी हाताने रंगवतो. तेव्हा मी बास गिटार वाजवायचो. बँडचं नाव 'सोल जेबोल', म्हणजे फाटलेला सोल. बुटांच्या वस्तीतल्या पोरांना याहून वेगळं काय सुचणार? गायचा जाब्रिक. जाब्रिक म्हणजे उभ्या केसांचा. आज त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, पण नाव काही बदललं नाही. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. गिटारवर ओहिम आणि ड्रमवर ओहिमची थोरली बहीण निनिंग. 'तेह' म्हणजे ताई. आम्ही तिघेही तिला तेतेह म्हणायचो.

ओहिमचे वडील, आबा विकार्ता, यांचा बुटांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे सहा माणसं आणि एक पत्र्याचं छप्पर. रविवारी तो बंद असायचा, तेव्हा आम्ही तिथे सराव करायचो. खरा ड्रम एकच होता, पायाचा. बाकी सगळे पिवळ्या डिंकाचे रिकामे डबे. आमचा पहिला ड्रमर म्हणजे दर रविवारी काहीतरी कारण सांगणारा एक महाभाग होता. १९९५ सालच्या एका रविवारी तो आला नाही, आणि निनिंग कोपऱ्यात राहिलेलं शिवण पुरं करत बसली होती. आम्ही तेच तेच गाणं चार वेळा बिघडवलं. पाचव्यांदा ती उठली.

"तुमचं गाणं वळणावर पडतंय," म्हणाली. "वळण आलं की पाय जरा मागे घ्यायचा, मग सोडायचा. सरळ रेषेत कोण शिवतं?"

आणि डब्यांमागे जाऊन बसली. मला आजही तो ठोका सांगता येणार नाही. कडव्यातून ध्रुवपदाकडे वळताना ती अगदी केसभर थांबायची, इतकं की पोटात खड्डा पडायचा, आणि मग सगळं अंगावर यायचं. आमच्यात वाजवता येणारी तेवढी एकच होती, हे आम्हा तिघांनाही त्याच दुपारी कळलं. कुणी बोलून दाखवलं नाही.

दोन वर्षांत आम्ही तीन कार्यक्रम केले. ती आबांचं जुनं जाकीट घालायची, टोपी खाली ओढायची. अंधाऱ्या हॉलमध्ये मागे कोण बसलंय हे पाहायला कुणाला वेळ नव्हता. तरी तिसऱ्या वेळी पुढच्या काही पोरांनी पाहिलं.

१९९७मध्ये आम्ही कॅसेट काढली. चौघांनी एका खोलीत, एका दिवसात, नऊ गाणी. कॅसेटच्या डबीतला कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर माझं चांगलं होतं.

आता हा कागद म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे गाण्यांना जेवढी जागा मिळायची, त्याच्या तिप्पट आभारांना लागायची. वर दोन ओळींत कोणी काय वाजवलं ते. खाली मुंगीएवढ्या अक्षरात सगळ्यांचे आभार: बाकीचे बँड, ज्याने ॲम्प्लिफायर दिला तो, ज्याच्या ओट्यावर झोपलो तो, नूडलवाली, बसचा कंडक्टर, गल्लीतला कुत्रा. लोक कॅसेट विकत घ्यायचे आणि गाणी ऐकायच्या आधी आपलं नाव शोधायचे. नाव राहिलं की संपलं. एक बँड मटणगोळे विकणाऱ्याचं नाव विसरला, तर त्याने त्यांच्या वाडग्यात पुन्हा कधी पाचवा गोळा टाकला नाही.

मी दुपारभर बसून तो कागद लिहिला. वर लिहिलं, 'ड्रम: डुडुंग'. डुडुंग नावाचा कोणी इसम नव्हता. आणि खाली, एकशे चौदा नावांच्या गर्दीत, एक्केचाळिसावं: 'तेह निनिंग (भातासाठी)'. एकदा, एकदाच, तिने केळीच्या पानात बांधून भात आणला होता.

झेरॉक्स झाल्यावर पहिला कागद मी तिला नेऊन दिला. तिने उभ्याने वरपासून खालपर्यंत सगळा वाचला.

"डुडुंग कोण?"

"अगं, आबांना कळलं तर मारतील तुला. म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. कागद होता तसा घडीवर घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि मशीनवर बसली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. सहा महिन्यांनी तिचं लग्न झालं. आम्ही तीन ड्रमर करून पाहिले, एकही टिकला नाही, आणि वर्षाच्या आत सोल जेबोल खरंच फाटला.

बँड का मोडला, असं कुणी विचारलं की मी आबांची गोष्ट सांगायचो. निनिंगचं नाव घ्यायचो नाही, नुसतं म्हणायचो की ओहिमच्या बापाला पंकचा भारी राग. चहाच्या टपरीवर उभा राहून, हातात हातोडी आहे असं दाखवत, भुवया जुळवून नक्कल करायचो: "कोण वाजवतंय रे माझ्या कारखान्यात?" लोक पोट धरून हसायचे. आबा होतेच तसे, घुमे आणि कपाळावर आठी असलेले. नक्कल सोपी होती. सव्वीस वर्षं ती मी केली.

दरवर्षी ईदला मी निनिंगकडे जात होतो. आमच्याकडे ईदला थोरांपुढे गुडघे टेकायचे, दोन्ही हातांत त्यांचा हात घ्यायचा आणि म्हणायचं, बाहेरच्या-आतल्या सगळ्या चुकांची माफी असावी. समोरचा म्हणतो, माझ्याही. मग जेवायचं. कोणती चूक, कुणाची, हे कुणी विचारत नाही. फार सोयीची चाल आहे. मला मनापासून वाटायचं की त्या 'सगळ्या'त तेही येऊन गेलं.

गेल्या जानेवारीत रेझा नावाचा माणूस माझ्याकडे आला. बत्तीस वर्षांचा, एका पोराचा बाप, जुन्या बँडची गाणी पुन्हा काढतो. आमची कॅसेट त्याला जुन्या बाजारात मिळाली होती आणि आता म्हणे हजारो पोरं ती फोनवर ऐकतात. त्याला आमच्याकडून नवा अल्बम हवा होता. नवी गाणी, जुनी माणसं.

"कांग डुडुंग बरे आहेत ना?" त्याने पहिलाच प्रश्न टाकला. कांग म्हणजे दादा.

डुडुंगचा म्हणे मोठा बोलबाला होता. कुणी सांगत होतं, तो बोर्निओला खाणीत गेला. कुणी सांगत होतं, वारला. एकाने त्याचं नाव दंडावर गोंदवून घेतलं होतं. हे ऐकून जाब्रिक एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी पण हसलो. ओहिम नाही हसला. ओहिम दहा वर्षांपूर्वी धर्माकडे वळला होता. गिटार देऊन टाकली, आणि हातावरचं गोंदण फुकट पुसून देणारे आधी कुराणातली एक सूरा पाठ करायला लावतात, ती त्याने तीन आठवड्यांत पाठ केली. अलीकडे पुन्हा गिटार धरली होती. देवाची तक्रार नसावी असं त्याचं म्हणणं. बायकोची आहे.

आम्ही तिघे निनिंगकडे गेलो. ती शिवत होती. मशीन थांबवलं नाही.

"तेतेह, पुन्हा वाजवायचंय," मी म्हणालो.

"कुणी?"

"आपण. चौघांनी. नवीन अल्बम काढायचाय."

"कागदावर चौथा डुडुंग आहे. त्याला विचारा."

"अगं, डुडुंग म्हणजे तूच की!" जाब्रिक म्हणाला.

"मी भात आणते," ती म्हणाली. "सांगा केव्हा आणायचा. किती माणसं आहेत?"

जाब्रिकला वाटलं ती थट्टा करतेय. तो म्हणाला, भाताबरोबर सुकी मासळी पण आण. ओहिम खाली फरशीकडे पाहत होता. मी दारापाशी ठेवलेले बूट मोजल्यासारखं करत उभा राहिलो. तिने वळण घेतलं, पाय रेंगाळला, पुन्हा मशीन धावलं. आम्ही निघालो.

रेझाने मग संगीत शिकलेला एक ड्रमर आणला. गुणी माणूस, हात स्वच्छ, एक ठोका इकडचा तिकडे नाही. आणि नेमकं तिथेच सगळं फसत होतं. प्रत्येक वळणाला जाब्रिक अर्धा श्वास थांबायचा, ड्रम पुढे निघून जायचे, आणि तो धावत सुटलेल्या बसमागे पळावं तसा शब्दांमागे पळायचा.

"कांग, ठेका तर बरोबर आहे," रेझा म्हणाला.

"बरोबरच आहे बाबा," जाब्रिक घाम पुसत म्हणाला. "आमचाच चुकीचा आहे. पण आम्हाला तोच येतो."

ईदनंतरच्या आठवड्यात स्टुडिओ मिळाला होता. रेझाने स्पष्ट सांगितलं की मूळ ड्रमर नसेल तर त्याला यात राम वाटत नाही. जाब्रिक मला एकीकडे घेऊन म्हणाला, "एंकोस, माझी पन्नाशी उलटलीय. घसा आणखी दोन वर्षं चालेल. जा, तिच्या पाया पड, काय वाट्टेल ते कर."

ईदच्या सकाळी गेलो. तिचं घर माणसांनी भरलं होतं. शेजारी, ओहिम आणि त्याचं कुटुंब, जाब्रिक, नारळाच्या रश्श्यातली कोंबडी, पानात वळलेला भात. निनिंग नव्या हिरव्या कपड्यांत भिंतीशी बसली होती. मी गुडघे टेकले, हात हातात घेतला, नेहमीचं म्हणालो. ती नेहमीचं म्हणाली. मी दोनदा जेवलो. अल्बमचा विषय काढायचं धाडस झालं नाही, आणि चप्पल घालून बाहेर पडलो.

विदा माझ्यामागे फाटकापर्यंत आली. अननसाच्या बिस्किटांची बरणी माझ्या हातात दिली आणि तिथेच घुटमळली. मला ती मामांग म्हणते, म्हणजे काका.

"मामांग, एक विचारू? डुडुंग कोण होता?"

"का गं?"

"तुमचं जुनं गाणं मला फोनवर मिळालं. मी घरी लावलं. आई मशीनवर होती. तिचे पाय आपोआप त्याच तालावर चालायला लागले. अगदी तसेच, मामांग. मग एकदम थांबली आणि उठून मागच्या अंगणात गेली. बराच वेळ आलीच नाही." तिने आवाज खाली आणला. "तो आईचा कुणी होता का? बाबांच्या आधी?"

या पोरीला वाटत होतं की तिच्या आईच्या आयुष्यात कुणी परका पुरुष होता. आणि तो पुरुष मी एका दुपारी, पेन हातात असताना, मनाने तयार केला होता. माझी मला इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती. बरणी फाटकावर ठेवली, चपला काढल्या आणि परत आत गेलो.

निनिंगसमोर पुन्हा गुडघे टेकले. लोकांना वाटलं, माझं काही विसरलं.

"मघाची माफी धरू नकोस, तेतेह," मी म्हणालो. "ती फुकट होती. त्या कॅसेटवर ड्रम तू वाजवलेस. डुडुंग कोणी नव्हता, कधीच नव्हता. आबा मारतील म्हणून मी तुझं नाव काढलं, हे खोटं. तिसऱ्या कार्यक्रमानंतर पोरं मला म्हणाली होती, बाई ड्रम बडवते तो कसला पंक. मला लाज वाटली. आपल्याला कुणी हसू नये म्हणून मी तुला पुसलं. तुझ्यामुळे बँड होता आणि मी तुला भातात टाकलं."

विदा दारात उभी होती. शेजारच्या म्हातारीने हातातला चमचा हळूच बशीत ठेवला.

निनिंगने आधी विदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दरवर्षीची माफी मी दरवर्षी दिली. मनापासून दिली. ही त्यात नव्हती."

"माहीत आहे मला."

"तुला काही माहीत नाही. नावाचं मी केव्हाच सोडलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाचे बूट शिवते, मला नावाचं काय कौतुक? आबांचं काय केलंस ते सांग."

"आबांचं काय?" मी म्हणालो.

"आबांनी ती कॅसेट विकत आणली होती," ती म्हणाली. "कुणाला न सांगता, टेप वाजवायचं यंत्र घरात नसताना. चष्मा लावून, तो कागद डोळ्यांशी धरून बसले होते. मला हाक मारली. म्हणाले, तुझं नाव कुठाय, मला सापडत नाही, अक्षर फार बारीक आहे. मी बोट ठेवून दाखवलं. ते तिथे बघत राहिले. मग म्हणाले, तू भात केव्हा नेलास?"

तिचा आवाज जराही हलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"दर शनिवारी डिंकाचे डबे कोण रिकामे करायचं, एंकोस? अर्ध्या भरलेल्या डब्यांतला डिंक एका डब्यात ओतून, रिकामे घासून, रांगेत कोण लावून ठेवायचं? तुम्हाला काय वाटलं, डबे आपोआप रिकामे होतात?"

मी ओहिमकडे पाहिलं. मला आयुष्यभर वाटत होतं की ते काम त्याचं.

"मी नव्हतो," ओहिम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मलाही माहीत नव्हतं, तेतेह."

"आबांनी कधी माझ्या अंगाला बोट लावलं नाही. आणि तू गावभर हातोडी उगारून त्यांची नक्कल करत फिरलास. ते रस्त्याने चालले की पोरं हसायची, त्यांना कळायचं नाही का हसतायत. त्यांच्या मयतीलासुद्धा कुणीतरी ती नक्कल काढली. तू तिथे होतास. तू हसलास."

मी हसलो होतो. २०११ साल, कबरस्तानाच्या वाटेवर. मला ते आठवत होतं.

तेवढ्यात जाब्रिकने तोंड उघडलं. या माणसाला केव्हा गप्प बसावं हे देवानेच सांगितलेलं नाही. "तेतेह, मग... वाजवशील का?"

मला वाटलं, आता ती सगळ्यांनाच घराबाहेर काढणार. तिने गुडघ्यावरून हात फिरवला.

"मुलीने ऐकलं नाहीये मला कधी," म्हणाली. "बघू."

ती आली. पुढच्या बुधवारी सकाळी नऊ वाजता, विदाच्या स्कूटरवर मागे बसून. चामड्याच्या सपाता काढल्या, अनवाणी पाय पेडलवर ठेवला, दोन-तीनदा दाबून पाहिला. "जड आहे," एवढंच म्हणाली. पहिल्या गाण्यात मधेच थांबली. दुसऱ्यांदा थांबली. गुडघा दुखत होता, हातातली काठी एकदा निसटून काचेवर आदळली. रेझा धावत आला, तिने हातानेच त्याला बाहेर जायला सांगितलं. तिसऱ्या वेळी कडवं संपत आलं, वळण आलं, आणि ती केसभर थांबली. माझ्या पोटात तो खड्डा पडला. सव्वीस वर्षं मला वाटत होतं की तो तरुणपणाचा खड्डा होता, तो काही परत पडायचा नाही. जाब्रिकचे शब्द बरोब्बर त्यावर येऊन बसले. गाणं संपल्यावर तो तोंड फिरवून उभा राहिला आणि म्हणाला, इथे कुणीतरी मिरची तळतंय. स्टुडिओत स्वयंपाकघर नव्हतं.

विदा कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. एकदा तिने विचारलं, "आई, तू हे कुठे शिकलीस?"

"चवड्याचं शिवण घालताना," निनिंग म्हणाली. "तुला किती वेळा शिकवलं. तुझं लक्ष नसतं."

दोन दिवसांत अकरा गाणी झाली. आवाज जसे आले तसे ठेवले, चुकांसकट. उरला कागद. रेझा म्हणाला, कॉम्प्युटरवर करू. निनिंग म्हणाली, नाही, एंकोस हाताने लिहील.

मी तिच्या घरी, तिच्या कापायच्या टेबलावर बसून लिहिलं. ती शेजारी शिवत होती. पडद्यावर ब्रश अजून चालतो, पण बारीक अक्षर आता अवघड जातं. वर लिहिलं: 'ड्रम: निनिंग सुकाएसिह. पहिल्या कॅसेटवरही तीच. तिथे जे नाव आहे ते खोटं, लिहिणारा एंकोस.' मग आभार. पहिलं नाव लिहिलं: 'आबा विकार्ता. त्यांनी दर शनिवारी आमच्यासाठी डबे घासून ठेवले आणि आपल्या लेकीचं नाव या कागदात शोधलं. त्यांनी तिला कधीही मारलं नाही. ते मारतील असं एंकोस सांगत फिरला. तो खोटं बोलला.' त्याखाली बाकीची दोनशे सहा नावं. मटणगोळेवाल्याचं दोनदा आलं, राहू दिलं.

तिने मशीन थांबवलं, कागद घेतला आणि उभ्याने वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"आता तरी माफ करशील?" मी विचारलं.

"माझं झालं," ती म्हणाली. "पण ही दुसरी माफी माझ्याकडे नाही. मी कुठून देऊ?"

शुक्रवारी सकाळी आम्ही कबरस्तानात गेलो. ती, विदा, ओहिम आणि मी. जाब्रिक येणार होता, पण कुणाचं तरी चाक फुटलं. पावसाने गवत वाढलं होतं. ओहिमने हात पुढे धरून हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. विदाने बाटलीतलं गुलाबाचं पाणी शिंपडलं. निनिंग कडेला उकिडवी बसून गवत उपटत होती, मुळासकट, आणि बाजूला ढीग करत होती.

"वाच," ती म्हणाली.

मी खिशातून कागद काढला. आजूबाजूच्या कबरींपाशी माणसं होती, त्यातली निम्मी चिबाडुयुतची. त्यातल्या कित्येकांना मी ती नक्कल करून दाखवली होती. मी मान खाली घातली आणि पुटपुटत वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीवर गेलो असेन-नसेन, निनिंगचा हात थांबला.

"असं नाही. मोठ्याने वाच, एंकोस," ती म्हणाली. "शेवटी शेवटी आबांना कमी ऐकू यायचं."

पलीकडच्या कबरीपाशी बसलेल्या दोघांनी वळून पाहिलं. मी कागद दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचलं.